डब्यांत राहिलेली वीज

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला धीराची समजायला नको. झुरळ दिसलं तर मी खुर्चीवर चढते. आमचे हे मात्र लिफ्टची दुरुस्ती करतात. उंच इमारतीच्या पोकळीत लिफ्टच्या टपावर उभं राहून ग्रीस लावायचं आणि तिथेच बसून डबा खायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग. लग्न झाल्यावर मला हे कळलं तेव्हा मी दोन घास कमी जेवले होते. पण माणूस इतका सावध की घरातला दिवा बदलायचा तरी आधी मेन स्विच बंद करणार, मग शेजाऱ्यांना विचारणार की तुमचा दिवा चालू आहे ना, आणि मग स्टुलावर चढणार. शेजारी हसायचे. हसेनात का. त्या सावधपणावरच तर माझा संसार उभा होता.

त्यांना एकच खूळ होतं. दिवसभर त्या पोकळीत दोरांचा आणि चाकांचा खरखराट ऐकून कान किटतात, म्हणून घरी एकदा तरी स्वच्छ आवाज ऐकायचा. बाजारातला नाही, स्वतः बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा, तोसुद्धा जुन्या पद्धतीचा, पूर्वी रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. झालं. भंगारवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर आला, कुठून कुठून व्हॉल्व्ह आले, पत्र्याची पेटी आली. जेवायच्या टेबलावर पेटी आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन. मी बोलायची, ते ऐकून घ्यायचे, आणि पुन्हा सोल्डरचा धूर निघायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, तिचं लग्न झालं, तरी ह्यांचं आपलं 'आता थोडंच राहिलंय'.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी मशीनवर गणवेश शिवत बसले होते आणि आतल्या खोलीत धाडकन काहीतरी पडलं. धावत गेले तर हे कपाटाला टेकून जमिनीवर बसलेले, तोंड उघडं, आणि उजवा हात असा धरलेला की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मी हाका मारतेय आणि त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही. टेबलावर ती पेटी, आणि तिची पिन भिंतीतून काढून बाजूला ठेवलेली. बंद केलेल्या वस्तूने माणसाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला फेकलं होतं.

डॉक्टरांनी तपासलं, नशीब थोर आहे म्हणाले. त्या पेटीत ॲल्युमिनियमचे चार डबे होते, कपॅसिटर म्हणतात त्यांना. ते वीज साठवतात आणि खटका बंद केला तरी सोडत नाहीत. ह्यांना हे माहीत होतं. माहीत असून हात गेला. हात बरा झाल्यावर त्यांनी त्या डब्यांवर एक रेझिस्टन्स बसवला, खडूच्या तुकड्यासारखा पांढरा, जाड, एका तारेवर निळं रबर चढवलेला. त्याचं काम एवढंच, की पिन काढली की डब्यांतली वीज हळूहळू जिरवून टाकायची. तो बसवला, पेटी कापडात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरचं नाव काढलं नाही. मी सुद्धा काढलं नाही. पण माळ्याखालून जाताना मी मान खाली घालून जायची, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

यंदा मुलगी बाळाला घेऊन राहायला येणार असं ठरलं. बाळ रांगायला लागलेलं. मी म्हटलं, "अहो, ते माळ्यावरचं भूत आता घराबाहेर काढा. नातवंड घरात असताना मला झोप लागायची नाही." वाटलं होतं वाद घालतील. ते नुसते "बरं" म्हणाले आणि खाली उतरवायला लागले. मलाच मग कसंसं झालं.

अख्खी पेटी कुणी घेईना. अर्धवट बनवलेलं दुसऱ्याचं खूळ कोण विकत घेणार? म्हणून ह्यांनी सुटे भाग विकायला काढले. मोबाइलवर फोटो टाकले. व्हॉल्व्ह लगेच गेले. पत्र्याची पेटी एकजण घेऊन गेला, तो म्हणे तिच्यात स्क्रू ठेवणार आहे. हे कसनुसं हसले. एका सायकलवाल्याला रेडिओ जुळवायचा नाद होता, त्याने फोन करून सांगितलं की सगळे जाड रेझिस्टन्स काढून ठेवा, सवडीने येऊन नेतो. मग हे संध्याकाळभर सोल्डरिंगची कांडी घेऊन एकेक भाग सुटा करत बसले. हात चालत होता, लक्ष कुठे होतं देव जाणे.

तेवढ्यात घड्याळजींचा फोन आला. बाजारात पोस्टाच्या शेजारी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्यांना ऐकायला कमी येतं, कानाला यंत्र लावतात, आणि त्यांना अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा होता. मी हसले तर ह्यांनी डोळे वटारले. त्यांना पॉवर सप्लाय अख्खा हवा होता, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि ते चार डबे, एका पाटीवर बसवलेले, जसे आहेत तसे. हे खूश झाले. निदान एवढा भाग तरी मोडायचा नाही. कांडी खाली ठेवली, पाटी पुसून लख्ख केली.

घड्याळजी दुसऱ्या दिवशी सकाळी आले. बारीक माणूस, बोटं बाईमाणसासारखी नाजूक. ह्यांनी त्यांना बसवून मोठ्या आवाजात सगळं समजावलं. "ह्याने मला एकदा फेकलंय. पण आता भीती नाही. मी ह्यावर वीज जिरवायची सोय केली आहे. पिन काढायची, एक कप चहा घ्यायचा, चहा संपला की खुशाल हात घाला. काही होत नाही."

"चहा संपेपर्यंत," घड्याळजी म्हणाले आणि मान हलवली. पाटी त्यांनी छातीशी धरून नेली.

ते गेल्यावर तासाभराने सायकलवाला आला. मी त्याला पाणी दिलं. ह्यांनी रेझिस्टन्सची पुडी आणून टेबलावर उपडी केली, दाखवायला. बरेचसे बारके, चार-दोन जाड पांढरे. हे एक उचलून त्याला काहीतरी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. तो पांढरा तुकडा त्यांनी उजेडात धरला. मग उलटा केला. त्याच्या एका तारेला निळं रबर होतं.

"हा इथे कसा?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "काय झालं?"

त्यांचा चेहरा मी आयुष्यात दोनदाच तसा पाहिला. एकदा कपाटाला टेकून बसले होते तेव्हा, आणि एकदा हा. "डब्यांवरचा आहे," ते म्हणाले. "काल एकामागून एक काढत होतो, त्यात हाही निघाला. त्यांचा फोन यायच्या आधीच निघाला. मी त्यांना सांगितलं काही होत नाही."

मला समजायला एक क्षण लागला. तोवर हे फोन लावत होते. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. पुन्हा लावला. मग मला आठवलं, घड्याळजी म्हणाले होते की काम करताना मी कानातलं यंत्र काढून ठेवतो, ते कुईकुई करतं. मी हे बोलले आणि बोलल्याचा पश्चात्ताप झाला, कारण ह्यांच्या हातून फोनच पडला.

सायकलवाला बिचारा गोंधळून उभा. त्याला तसाच सोडून आम्ही निघालो. दाराला कुलूप लावलं की नाही हेही आठवत नाही. स्कूटरवर मी मागे बसले. आजवर कधी सिग्नल न तोडणारा माणूस दोन सिग्नल तोडून गेला.

"अहो, सावकाश. आपणच मेलो तर त्यांना सांगणार कोण?"

"सुट्टी आहे आज त्यांची. आजच जोडून बघतो म्हणाले होते."

"पण पिन काढल्यावर थोडी तरी वीज जाईल ना?"

"व्हॉल्व्ह लावलेले असते तर गेली असती. व्हॉल्व्ह मीच विकले. आता ते नुसतं भरून राहणार. कुकरची शिट्टी बंद करून वाफ कोंडली तर कसं, तसं. आणि मी त्यांना सांगितलंय, झाकण खुशाल उघडा."

मनात नुसतं एकच चाललं होतं, की तो माणूस आत्ता चहा पितोय का. पिऊन झाला असेल का. रस्त्यात कुठे गर्दी दिसली की मला वाटे, ती त्यांच्याच घरासमोर आहे. खरं सांगते, मला त्या परक्या माणसाची काळजी होतीच, पण त्याहून जास्त भीती ह्यांची वाटत होती. ह्यांच्या शब्दावर कुणी मेलं तर हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुकानाचं शटर बंद. घर मागच्या बोळात, तळमजल्यावर. हे दारावर तुटून पडले. दोन्ही मुठींनी दार बडवतायत, "घड्याळजी, हात लावू नका" म्हणून ओरडतायत. शेजारची एक बाई बाहेर आली, म्हणाली, "ते यंत्र काढून बसले असतील. पाठीमागे खिडकी आहे, तिथून हात दाखवा, आम्ही तसंच करतो."

मी बाजूने पळाले. खिडकीला लोखंडी गज, काच उघडी. आत खोलीभर घड्याळं. टेबलाशी घड्याळजी बसलेले, माझ्याकडे पाठ करून. टेबलावर ती पाटी, चारही डबे उभे. पिन भिंतीतून काढलेली, वायर नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. आणि त्यांच्या हातात कप.

मी ओरडले. गजांतून हात घालून हलवले. पण त्यांची पाठच माझ्याकडे. ते आपले घोट घेतायत. कप किती कलतोय त्यावरून आत चहा किती उरलाय ते मला दिसत होतं. असा चहा मी जन्मात कधी पाहिला नाही. दाराकडून ह्यांचा आवाज येत होता, आता तो घोगरा झाला होता. शेजारीण लोकांना बोलवायला गेली.

मग कप पूर्ण कलला. त्यांनी तो बशीत ठेवला, तोंड पुसलं, रुमालाला बोटं पुसली, आणि खुर्ची पुढे ओढली.

मी पायातली चप्पल काढून फेकली. ती गजावर आपटून माझ्याच अंगावर परत आली. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि डब्यांवर वाकले. त्यांचं ते नाजूक बोट पुढे झालं. दुसरी चप्पल मी कशी फेकली ते मला सांगता येणार नाही. नेम धरला नव्हता, एवढं खरं, कारण माझे डोळे भरून आले होते. ती गजांमधून गेली आणि त्यांच्या खांद्यावर सणसणीत बसली.

ते दचकून उठले, खुर्ची पडली. वळून बघतात तो खिडकीत एक अनवाणी बाई, दोन्ही हात जोडून, मान जोरजोरात 'नाही नाही' म्हणून हलवतेय. आधी ते चिडले. मग त्यांनी मला ओळखलं, आणि मी कुठे बोट दाखवतेय ते बघितलं. पाटीपासून ते दोन पावलं मागे सरकले. मी तिथेच खिडकीखाली मातीत बसकण मारली.

घड्याळजींनी दार उघडलं तशी हे आधी धावत जाऊन पाटीपुढे आडवे उभे राहिले. मीच मग आत जाऊन घड्याळजींना यंत्र लावायला लावलं आणि जमेल तसं सांगितलं. ते ऐकता ऐकता हसले. "पण मी पिन काढली होती, वहिनी. चहाही घेतला. मी चहा फार सावकाश पितो."

"दिव्याचा बल्ब द्या एक," हे म्हणाले. "आणि वायरचे दोन तुकडे."

घड्याळजींनी टेबलावरच्या दिव्याचा बल्ब काढून दिला. ह्यांनी वायरी जोडल्या. आणि मग डावा हात पँटच्या खिशात घातला. विजेच्या कामातली ही त्यांची शिस्त आहे. दोन्ही हात एकदम आत गेले तर झटका छातीतून जातो, म्हणून एक हात खिशात. त्या अपघाताच्या दिवशी तो खिशात नव्हता. आता तो खिशात होता आणि पँटचं कापड थरथरताना मला दिसत होतं. घड्याळजी म्हणाले, "मी करू का? माझा हात हलत नाही."

"नाही," हे म्हणाले. "तुम्ही लांब व्हा."

त्यांनी वायरची टोकं डब्यांवर टेकवली. बल्ब लख्खकन पेटला. भर दिवसा खोली उजळली, एवढा. मग पिवळा झाला, मग लाल, मग विझला. पिन टेबलावर गुंडाळलेली, भिंतीपासून हातभर लांब. घड्याळजींनी आपलं उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत धरलं आणि ते तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"वीज मोजायचा मीटर होता माझ्याकडे," ते म्हणाले. "लावून बघणार होतो. मग म्हटलं, त्यांनी सांगितलंय ना."

हे ऐकून ह्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं रडतायत. पण ते पाटी उचलायला वाकले होते. "हे मी परत घेऊन जातो. फोडून टाकतो. तुमचे पैसे उद्याच आणून देतो."

घड्याळजींनी पाटीवर हात ठेवला. "राहू द्या. दुसऱ्या कुणाचं जुनं सामान घेतलं, तर ते कुठे चावतं हे सांगायला कोण येणार असं धावत? तो पांढरा तुकडा आणलाय का?"

आणला होता. घरापासून मुठीत होता, तळहातावर त्याचा वळ उठला होता. हे खाली बसले आणि घड्याळजींच्या कांडीने त्यांनी तो पुन्हा जागेवर बसवला. मी भिंतीला टेकून उभी. मला आता घरी जायचं होतं. ती पाटी दिसणार नाही अशा कुठल्याही ठिकाणी जायचं होतं. पण पुरुषांना एकदा खूळ चढलं की बाईचं कोण ऐकतं. त्यांनी पिन भिंतीत लावली. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. मग पिन काढली. चहा कुणी केला नाही. सगळे मीटरच्या काट्याकडे बघत बसलो. काटा हळूहळू, अगदी नको तितका हळूहळू खाली आला आणि शून्यावर टेकला.

तरी कुणी हात पुढे करेना.

घड्याळजी घसा खाकरून पुढे झाले. ह्यांनी त्यांचं मनगट धरलं. "थांबा. काही होत नाही, असं मी म्हणालो होतो. तेव्हा आधी मी."

"अहो, नको," मी म्हटलं. "काटा दिसतोय ना शून्यावर. आता कशाला?" आणि मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. धरून काय करणार होते, ओढणार होते की काय, मलाच माहीत नाही.

त्यांनी डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताचं बोट डब्यांवरच्या उघड्या तारेवर ठेवलं. काही झालं नाही. त्यांनी ते उचललं नाही, तसंच ठेवून घड्याळजींकडे बघितलं.

घड्याळजींनी हात पुढे केला. अर्ध्यावर तो थांबला. मघाशी 'माझा हात हलत नाही' म्हणणाऱ्या माणसाची बोटं कापत होती. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं नाही, मीटरकडेही नाही. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. ठेवू का?"

काटा शून्यावर होता, माझ्या नवऱ्याचं बोट तारेवर होतं, आणि तरी माझ्या तोंडून 'ठेवा' एवढा एक शब्द काही केल्या बाहेर पडेना.